आईनं कधी उठायचं

घरात कुणी कौतुकानं सांगितलं, 'पोर शाळेत किती शांत बसतं', की माझं डोकं फिरतं. नातसुना आपसांत म्हणतात, म्हातारीला कशाचं कौतुकच नाही. नसू दे. शांत बसलेलं मूल मी जवळून पाहिलंय. एकदा माझ्या पोटचं आणि एकदा शेजारणीची नात. माझं पुन्हा बोलायला लागलं. तिच्या नातीचं पुढं काय झालं ते मला ठाऊक नाही.

माझं सासर ताडकळस आणि चुडाव्याच्या मधलं. घर शेतकऱ्याचं, खाऊन-पिऊन सुखी. राज्य निजामाचं होतं. गावात सरकारी शाळा एकच, चावडीला लागून, आणि मास्तर सगळं उर्दूत शिकवायचे. माणूस वाईट नव्हता. त्यांना मराठी येत नव्हती आणि आमच्या पोरांना उर्दू येत नव्हती, एवढंच. बाप्यांना बाजारापुरती, कचेरीपुरती उर्दू यायची. पण पाच वर्षांचं पोर कचेरीत कशाला जातंय? त्याला जी भाषा येते ती आईच्या चुलीपुढं बसून आलेली असते.

थोरला पाच वर्षांचा झाला तेव्हा त्याच्या हातावर दही-साखर ठेवली, नवा सदरा घातला आणि मामंजी त्याला शाळेत बसवून आले. पोरगं भारी बडबडं. जाताना वाटेतल्या कोंबड्यांनासुद्धा सांगत गेलं, 'मी शाळेत चाललो.' दुपारी आलं ते ओल्या चड्डीनं. बाहेर जायचं तर उर्दूत विचारावं लागायचं. ते त्याला येईना आणि मराठीत विचारायचा धीर होईना, म्हणून तो होता तिथंच बसून राहिला. मास्तरांनी मारलं नाही की काही बोलले नाहीत. पोरं तेवढी हसली.

त्या दिवसापासून त्याच्या तोंडाला कुलूप लागलं, अगदी घरातसुद्धा. भाकरी पाहिजे तर टोपल्याकडे बोट दाखवायचा. सासूबाईंनी मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली, देवऋष्याकडं नेलं, दर्ग्यावर नेऊन फुंकर घालून आणलं. मास्तर म्हणाले, मुलगा फार गुणी आहे, शांत बसतो. मामंजींनी ते घरी येऊन आनंदानं सांगितलं आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

आमच्या गोठ्याच्या मागच्या भिंतीला लागून खालाचं घर होतं. सगळं गाव तिला खालाच म्हणायचं, म्हणजे मावशी. घरोघर जाऊन बांगड्या भरायचं तिचं काम, तेव्हा गावातल्या झाडून सगळ्या बायकांची मनगटं तिच्या हाताखालून गेलेली. नवरा मरून बरीच वर्षं झाली होती, एक मुलगा हैदराबादेत कामाला होता, मुलगी लांब तिकडच्याच बाजूला दिलेली. पोरांशी चिंचोके खेळताना खाला लबाडी करायची आणि पकडली की म्हणायची, "नजर कमजोर हाय माय." सुईत दोरा मात्र पहिल्याच झटक्यात ओवायची.

ती बांगड्या भरायला आली तेव्हा थोरला कोपऱ्यात बसला होता. तिनं त्याला काही विचारलं नाही. पिशवीतल्या फुटक्या बांगड्यांच्या काचा त्याच्यापुढं ओतल्या, एकेक उचलून आपल्या बोलीत म्हणाली, "ये हरा. ये पीला. ये लाल." पोरगं बघत राहिलं. तिनं पुन्हा उचलून दाखवली. "लाल."

"लाल तर आमच्यात बी लालच म्हणत्यात," थोरला म्हणाला.

माझा हात तिच्या हातात होता. तिनं तो दाबला आणि मान वर न करता पुढची बांगडी चढवली. मी तिथंच हुंदके द्यायला लागले, तर खाला म्हणाली, "हात हलवू नको वो माय, काच फुटंल."

थोरल्याला शाळेतून काढून घरी ठेवला आणि तिथून आमचं सुरू झालं. मला माझ्या वडिलांनी लिहायला-वाचायला शिकवलं होतं, खालाला कुराण वाचता यायचं आणि थोडी उर्दूही. सकाळी ढोरं रानात गेली की गोठा मोकळा व्हायचा. शेण काढून, जमीन सारवून आम्ही गोणपाट टाकायचो. आधी थोरला आणि शेजारची दोन-चार पोरं, मग गावातल्या कुणब्यांची, मग खालाच्या गल्लीतलीही यायला लागली. आमच्या पोरांना शाळेपुरती उर्दू खाला द्यायची, तिच्या गल्लीतल्या पोरांना मराठी मी द्यायचे. पण आधी ज्याला जी घरची, त्यात. आधी पोरानं आपल्या बोलीत पोटभर बोलायचं, मग तेच दुसऱ्या बोलीत. काचा मांडून अक्षरं करायची. अलिफ म्हणजे नुसती एक उभी रेघ, ती सगळ्यांना जमायची. माझ्या 'अ'ला मात्र पोरांना घाम फुटायचा, आणि खाला हसून म्हणायची, "तुझं अक्षर लय नखऱ्याचं हाय माय."

शाळा काढायची तर सरकारची परवानगी लागायची, म्हणून आम्ही तिला कधी शाळा म्हटलं नाही. एकदा फिरतीवरचा अंमलदार गोठ्याच्या दारात येऊन उभा राहिला आणि विचारलं, हे काय चाललंय? मी म्हटलं, "लेकरं सांभाळायलोत साहेब, आया खुरपायला गेल्यात." खालानं तेच त्याला उर्दूत, चांगलं घोळवून सांगितलं. चहा पिऊन तो गेला. खोटंही नव्हतं त्यात काही.

आणि आमचा एक नेम होता. तो कुणी ठरवून केला नव्हता. सुरुवातीला एक पोरगी आली, तिनं आईचा पदर मुठीत धरला तो सोडीना. आई हिसडे देतेय, पोरगी किंचाळतेय. मी चिडून म्हटलं, "जा की वो तुमी, रडून रडून गप बसंल." खाला म्हणाली, "बसू दे तिला. ती काय आपलं खायलीय का?" ती बसली. दुसऱ्या दिवशी सुपात जवारी घेऊन आली आणि निवडत बसली. चार दिवसांनी पोरगी काचा मांडता मांडता मागं वळून म्हणाली, "माय, तू जा आता."

मग तेच चालू झालं. पोर स्वतः म्हणेल 'तू जा आता', तेव्हा आईनं उठायचं, त्याच्या आधी नाही. कुणी वाती वळायची, कुणी कापसातली सरकी काढायची, आणि बसल्या बसल्या त्यांच्या गोष्टी, गाणी, भांडणंसुद्धा पोरांच्या कानावर पडायची. त्यांच्याच बोलीत. एक जण फार वैतागली होती. "माझं खुरपण पडलंय आन हे कार्टं मला जा म्हणंना."

खाला म्हणाली, "तू पळून जात न्हाईस हे त्याला कळू दे. मंग म्हनंल."

ज्या दिवशी पोर म्हणायचं, त्या दिवशी खाला त्या आईच्या हातात एक हिरवी बांगडी जास्तीची भरायची. बायका मोठ्या तऱ्हेवाईक. आठ-आठ दिवस 'म्हण रे बाबा' करून पोराच्या मागं लागायच्या आणि म्हटलं की डोळ्याला पदर लावून बाहेर पडायच्या. माझ्या धाकटीनं पहिल्याच दिवशी गोठ्यात पाऊल टाकताच मला सांगितलं, 'तू जा', तेव्हा मला चांगला राग आला होता. मी जाणार कुठं, मीच शिकवत होते.

थोरला वर्षभरानं पुन्हा सरकारी शाळेत गेला. मी बरोबर गेले आणि शाळेबाहेरच्या ओट्यावर बसले. मास्तरांनी एकदा बघितलं, काही म्हणाले नाहीत. थोरल्यानं आत जाऊन उर्दूत सलाम केला, जागेवर बसला, मग दारातून डोकं बाहेर काढून म्हणाला, "तू जा आता." संध्याकाळी खालानं माझ्या हातात ती जास्तीची बांगडी भरली. रानात काम करणाऱ्या बाईच्या हातात काच किती दिवस टिकणार, पण ती बांगडी पुष्कळ टिकली.

असं चार-पाच वर्षं चाललं. मग दिवस फिरले. रझाकारांच्या बातम्या यायला लागल्या. आमच्या बायकांनी दागिने पुरले, पोरांना बाहेर सोडेनाशा झाल्या. गोठ्यातलं गोणपाट गुंडाळलं गेलं. कोण कुणाला बघून दार लावून घेईल ते सांगता येत नव्हतं. खालाच्या आणि आमच्या घरामधली भिंत तेवढी होती तशी राहिली. तिच्यावरून आम्ही तव्यावरची भाकरी आणि वाटीभर कालवण देत-घेत राहिलो. माझ्या सासूबाई सोवळ्याच्या नव्हत्या, भांडखोर होत्या, आणि त्या म्हणाल्या, "माझ्या नातवाला बोलतं केलं तिनं. कोण काय म्हणतंय बघते मी."

त्याच धामधुमीत खालाची मुलगी बाळंतपणात गेली. जावयानं पाच वर्षांची पोर आणून आजीच्या पदरात टाकली. पोरीनं मराठी कधी कानानं ऐकली नव्हती. आईविना आलेली, अनोळखी गाव, आणि दारातून येणारा-जाणारा काय बोलतो ते कळत नाही. ती नानीच्या पाठीला चिकटून असायची. खाला बांगड्यांची पेटी उचलून उठली की तीही उठायची. मी चेष्टेनं म्हटलं, "खाला, आता तुमाला नेम लागला. हिनं म्हणल्याबिगर उठायचं न्हाई."

खाला म्हणाली, "ही कशाला म्हनती जा? आन मी तरी कुठं जाऊ, माय?"

मग पोलीस ॲक्शन झाली. निजामाचं राज्य गेलं. आमच्याकडं गुळाचे खडे वाटले, मामंजी रडले, आणि मलाही आनंद झाला. का होऊ नये? माझ्या पोराला ज्या शाळेनं मुकं केलं ती शाळा आता मराठी होणार होती. पण आता दारं लावून घ्यायची पाळी खालाच्या गल्लीवर आली. आमच्या गावात कुणी कुणाच्या अंगावर गेलं नाही, तरी आजूबाजूचं कानावर येत होतं आणि ते ऐकून झोप लागत नव्हती. जुने मास्तर कुणाला न सांगता निघून गेले.

खालाचा मुलगा हैदराबादेहून आला. म्हणाला, चला तिकडं. इथं आता काय राहिलं? पोरीला तिथं उर्दू शाळा आहे. खालाला जायचं नव्हतं. तिचं माहेर-सासर सगळं पंचक्रोशीत, नवऱ्याची कबर इथं. तिनं मुलाला सांगितलं, पोरगी इथल्या शाळेत रुळली तर आम्ही राहणार. न रुळली तर तू म्हणशील तिथं येते. मुलगा म्हणाला, ठीक, थोडे दिवस थांबतो.

मग आम्ही पुन्हा गोठ्यात बसलो. आता तिघीच. मी पोरीला मराठी द्यायला लागले, खालानं माझ्या पोरांना जसं दिलं होतं तसंच. आधी तिची बोली, मग माझी. पाणी, भाकर, ये, बस. गोठ्यातल्या सगळ्या पोरांना जे यायचं तेही शिकवलं, 'तू जा आता'. पोरगी हुशार होती. काचांचा 'अ' तिनं माझ्यापेक्षा सुबक मांडला. हसली की एका गालात खळी पडायची. मला वाटायला लागलं, जमतंय.

शाळेच्या पहिल्या दिवशी मी तिच्या हातावर दही-साखर ठेवली. खालानं तिच्या दंडाला हिरव्या कापडात पैसा बांधला, प्रवासाला निघणाऱ्याला बांधतात तसा. आम्ही दोघी तिला घेऊन गेलो. नवे मास्तर तरुण होते, खादीतले, उत्साही. मी त्यांना सगळं सांगितलं. पोर बिनआईची आहे, मराठी थोडी येते, आजी काही दिवस कोपऱ्यात बसेल, पोर म्हणेल तेव्हा उठेल.

मास्तर म्हणाले, "वहिनी, लहानपणी मला मराठी बोललो म्हणून छड्या बसल्यात. आता आपलं राज्य आलंय. आता इथं एकच भाषा. कानावर पडली की येईल आपोआप."

मी म्हटलं, "तुमच्या कानावर पडतच होती की उर्दू. छड्या का बसल्या मग?"

त्यांना ते आवडलं नाही. म्हणाले, तुम्हाला बसायचं तर बसा, तुम्ही गावातल्या मोठ्या घरच्या. ह्यांनी नको. ह्या बसल्या की पोर उर्दूतच बोलणार.

खालानं पोरीचा हात माझ्या हातात दिला. बाहेर गेली आणि थोरल्याच्या वेळी मी बसले होते त्याच ओट्यावर बसली. मी पोरीजवळ बसायला गेले, तर तिला मी नको होते. तिचे डोळे दाराकडं. तिच्यापुढच्या रांगेत माझा थोरला होता, मोठ्या वर्गातला. एकाच खोलीत सगळे वर्ग असायचे. तो मागं वळून तिला हळूच म्हणाला, "डर नक्को, नानी इधरिच है."

मास्तर म्हणाले, "कोण बोललं ते? इथं मराठीत बोलायचं."

थोरला उठून उभा राहिला आणि मान खाली घालून गप्प झाला. मी त्याला तसं एकदाच पाहिलं होतं, ओल्या चड्डीनं घरी आला तेव्हा.

तोवर बाहेर माणसं जमली होती. चावडीवर बसणारी रिकामटेकडी. एकानं खालाला विचारलं, इथं का बसलीस? दुसरा म्हणाला, यांना अजून कळालं न्हाई राज्य कुणाचं हाय ते. कुणी तरी हसलं. खाला पदर सावरून तशीच बसून राहिली. मी दाराकडं निघाले, पण माझ्या आधी पोरगी उठली. दारात गेली. जमलेल्या माणसांकडं बघितलं, नानीकडं बघितलं, आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "नानी, तू जा आता."

तिला राहायचं नव्हतं. तिनं मुठीत फ्रॉकचा घेर घट्ट धरलेला होता. एवढं तिला कळलं होतं, की नानी इथं बसली तर ही माणसं तिला बोलणार, आणि तिला उठवायचं तर हे म्हणावं लागतं.

खाला उठली.

वाटेत ती म्हणाली, "म्हनली ना माय ती. नेम म्हंजे नेम." थोडं चालून गेल्यावर म्हणाली, "पन खोटं बोललं लेकरू. एवढ्या वयात माझ्यासाठी खोटं बोललं."

मला त्या दिवशी जो राग आला तो अजून गेलेला नाही. मास्तरांचाच असं नाही. त्या बिचाऱ्याला वाटत होतं तो न्याय करतोय. राग याचा, की जे माझ्या लेकराला झालं ते डोळ्यांनी बघून, रडून, सोसून झाल्यावरही गावाला दुसऱ्याच्या लेकराचं तेच दुखणं ओळखू आलं नाही. शाळा तीच, ओटा तोच, आणि बोलायला घाबरणारं पोर तेवढं बदललं.

पोरगी चार-पाच दिवस शाळेत गेली. रडली नाही, काही मागितलं नाही. घरी आली तरी बोलायची नाही, नानीशीसुद्धा नाही. खाला काचा पुढं ओतायची आणि ती त्यांच्याकडं बघत बसायची. मास्तर वाटेत भेटले तेव्हा म्हणाले, "बघा वहिनी, रुळली. किती शांत बसते." मी तोंड फिरवून निघून आले. खालानं त्याच दिवशी मुलाला सांगितलं, चल.

चुडाव्याच्या स्टेशनापर्यंत आमचीच बैलगाडी दिली होती. सामान फार नव्हतं, एक ट्रंक, गाठोडी आणि बांगड्यांची पेटी. सकाळी गाडी जुंपून दारात उभी होती. खाला मागच्या वाटेनं गोठ्यात आली, गोणपाट पसरलं आणि मला म्हणाली, "बस. हात दे."

तिनं माझ्या दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या भरल्या, सावकाश, एकही काच न फोडता. सासूबाई दाराशी उभ्या होत्या, त्या आत निघून गेल्या. शेवटी डाव्या हातात तिनं एक जास्तीची चढवली.

"ही कशाची?" मी विचारलं.

"तुझीच. आता म्हन."

मला कळलं, पण मी बोलले नाही. बाहेरून तिच्या मुलानं हाक मारली. खाला तशीच मांडी घालून बसली होती, ओंजळीत माझे हात धरून. "म्हनल्याबिगर मी कशी उठू, माय? रेल जाईल."

मुलानं पुन्हा हाक मारली. बैलांनी माना हलवल्या, गळ्यातल्या घुंगरांचा आवाज आला. मला वाटत होतं, नाही म्हटलं तर ती बसून राहील. रेल जाईल, उद्याची जाईल, परवाची जाईल, आणि ती माझ्या गोठ्यात बसून राहील. तीही वाट बघत होती. मला वाटतं तिलाही तेच हवं होतं. पण गाडीत पोर बसलेली होती, आणि इथं राहिली तर ती कायमची मुकी होणार हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

"खाला," मी म्हटलं, "तुमी जा आता."

ती गुडघ्यावर हात टेकून उठली. माझ्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि मागं न बघता गाडीत जाऊन बसली. मी दारापर्यंत गेले. पोरगी ट्रंकेला टेकून बसली होती, दंडाला ते हिरवं कापड अजून बांधलेलं. मी तिला मराठीत हाक मारली, मग तिच्या बोलीत मारली. तिनं माझ्याकडं बघितलं. गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत ती बघत होती, अगदी शांत बसून.